आईच्या रकान्यात मी काय लिहिलं

नेहा आणि रूबेन,

गेल्या महिन्यात नेहाने फोनवर विचारलं, "आजी, ऑस्ट्रेलियात ख्रिस्ती धर्म कसा आला यावर शाळेत प्रोजेक्ट आहे. आपण तर त्यांच्यामुळेच ख्रिश्चन झालो ना? तू दोन ओळी दे." मी दोन ओळी दिल्या. धर्म बोटीतून आला, मग तिथल्या चर्चच्या मंडळ्यांनी आमच्याकडे शिक्षक आणि डॉक्टर पाठवले, आमची कुटुंबं शिकली. दोन्ही ओळींत एकही चूक नव्हती. फोन ठेवल्यावर मात्र मला स्वतःची लाज वाटली. चूक नसलेली आणि तरीही खरी नसलेली वाक्यं लिहिण्यात माझी सारी नोकरी गेली आहे.

म्हणून आता हे सविस्तर लिहिते. आमच्या मंडळीच्या नाताळ अंकाला माझ्या नोकरीचे अनुभव हवे आहेत, त्यांनाही हेच देणार आहे. मराठीत लिहिते, कारण इंग्रजी मी फार सफाईने लिहिते आणि त्या सफाईवर माझा आता विश्वास राहिलेला नाही. तुमची आई वाचून दाखवेल. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकायला आला आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी लिहीन असं म्हणून चालणार नाही.

आधी प्रोजेक्टचं. तुमच्या देशात पहिला पाद्री आला तो कैद्यांच्या बोटीतून. रविवारच्या उपासनेला कैद्यांना हजेरी सक्तीची होती. पुढे काही पाद्री न्यायाधीशही झाले, म्हणजे रविवारी देवाची दया सांगणारा माणूस दुसऱ्या दिवशी फटक्यांची शिक्षा सुनावत असे. कैद्यांना धर्माविषयी काय वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा. मग मोकळी माणसं आली, आपापले पंथ आणि आपापली भांडणं घेऊन आली, मेंढ्या चारायला जमिनी घेतल्या. त्या जमिनींवर आधीपासून जे लोक राहत होते, त्यांच्यातले जे उरले त्यांच्यासाठी कुंपणाच्या कडेला मिशनं निघाली. तिथे मुलांना आयांपासून वेगळं करून वसतिगृहात ठेवत. पुष्कळ ठिकाणी त्यांची भाषा बोलायला बंदी असे. ज्या मंडळ्यांनी हे केलं, त्यांच्यासारख्याच मंडळ्यांतल्या भल्या बायका पुढे बोटीत बसून आमच्या बारामती-इंदापूरकडे आल्या.

त्या भल्याच होत्या, हे मी मुद्दाम लिहिते. माझ्या आजोबांना गावाच्या शाळेच्या पायरीवर बसू देत नव्हते. अशा एका बाईने त्यांना चिंचेखाली बसवून मुळाक्षरं शिकवली. त्या चिंचेपासून तुमच्या सिडनीच्या घरापर्यंत सरळ रेघ काढता येते. मी ती रेघ पुसायला बसलेली नाही.

आता माझ्या नोकरीबद्दल. मी बावीस वर्षांची असताना मुलींच्या एका बोर्डिंगमध्ये कारकून म्हणून लागले. गोऱ्या बाया तोवर परत गेल्या होत्या, कारभार आपलेच लोक बघत. माझ्याकडे दोन कामं होती. एक, प्रवेशाचं रजिस्टर: मुलीचं नाव, गाव, वय, वडील, आई. दुसरं, पत्रं. ऑस्ट्रेलियातली एकेक बाई तिथून पैसे पाठवून आमच्या एकेका मुलीचा सांभाळ करत असे. त्या बाईला मुलीने वर्षातून दोन पत्रं पाठवायची, एक ईस्टरला आणि एक नाताळला. मुलगी शिसपेन्सिलीने मराठीत लिहायची. लिहिता येत नसेल तर बोलायची आणि मोठी मुलगी उतरवून घ्यायची. मी त्याचं इंग्रजी चांगल्या कागदावर करायची. खाली चार बोटं जागा सोडायची, तिथे मुलीने चित्र काढायचं.

या कामात मी हुशार होते. एका बाईंनी इंदापूरच्या एका मुलीला स्वतः विणलेला लोकरीचा जाडजूड स्वेटर पाठवला. मुलीने लिहिलं, "स्वेटर लई गरम हाय, म्या करडाला घातला, आता करडू कुनालाच वळखू यीत न्हाय." मी लिहिलं, "तुमच्या स्वेटरचा आमच्या घरी रोज उपयोग होतो आणि सगळे त्याचं कौतुक करतात." यात खोटं कुठे होतं? दुसऱ्या एकीला तिच्या बाईने विचारलं होतं की मोठेपणी तू कोण होणार. तिने लिहिलं, "तुमच्यावानी. बसून पत्रं धाडनार." हे मी जसंच्या तसं पाठवलं. त्या बाईंना ते फार आवडलं म्हणे.

मी नीटनेटकी होते. इंग्रजी पत्र पोस्टात पडलं की मुलींची मराठी पत्रं महिनाअखेरीला एकत्र करून मागच्या अंगणात जाळायची. कपाट एकच होतं आणि गठ्ठे साठलेले मला सहन होत नसत. ही पद्धत मीच सुरू केली. अधीक्षक बाईंनी तेव्हा माझं कौतुक केलं होतं.

आता सगुणा. ती आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिची आई ठकूबाई हिने तिला अंथुर्ण्याहून चालत आणलं होतं. नवरा वारला होता. ठकूबाई कधी शेळगावला, कधी अंथुर्ण्याला लोकांच्या रानात खुरपायला जायची. मी रजिस्टर उघडलं. वडिलांच्या रकान्यात "मयत" लिहिलं आणि आईचं नाव लिहिणार, तोच अधीक्षक बाई म्हणाल्या, "तिथे 'कोणी नाही' लिही."

"आई तर समोर उभी आहे," मी म्हणाले.

"मला दिसते आहे. पण तिकडच्या बायकांना अनाथ मुलगी हवी असते. आई आहे म्हटलं तर त्या म्हणतील, मग आईच सांभाळेल की. पोर उपाशी राहील. तू ठरव."

त्या वाईट नव्हत्या. स्वतःच्या ताटातलं मुलींना वाढायच्या. मी "कोणी नाही" लिहिलं. ठकूबाईला वाचता येत नव्हतं. तिने रजिस्टरकडे मान तिरकी करून पाहिलं आणि विचारलं, "माजं बी नाव घातलं न्हवं, बाई?"

मी म्हणाले, "हो."

ठकूबाई महिन्यातून एकदा यायची. फडक्यात भाकरी, कधी ओल्या शेंगा. सगुणाच्या डोक्यातल्या उवा काढत पायरीवर तासभर बसायची, आणि सगुणा शेंगा खाताना निम्म्या खाली सांडायची. तिसऱ्या वर्षी नाताळच्या आधी पत्र आलं की ऑस्ट्रेलियाहून पाहुणे बोर्डिंग बघायला येणार आहेत. त्यांत सगुणाचा सांभाळ करणाऱ्या मिस एडनाही असण्याची शक्यता होती. अधीक्षक बाईंनी ज्यांच्या आया येत त्या मुलींची यादी माझ्याकडून घेतली आणि निरोप द्यायचं काम माझ्याकडेच दिलं.

मी ठकूबाईला फाटकातच थांबवलं.

"ठकूबाई, आता काही दिवस येऊ नका. पाहुणे यायचेत."

"येऊ नको म्हंजी? मी हितं काय करती, बाई? बसती, बघती, जाती."

"तसं नाही हो. पाहुणे गेले की या."

"मग कवा यिऊ?"

"मी निरोप पाठवते."

"नक्की धाडा बरं का," ती म्हणाली. "न्हायतर मी आपली वाट बघत बसंन."

भाकरीचं फडकं माझ्या हातात देऊन ती गेली. जाता जाता कंपाउंडच्या बाजूने वळून काटेरी कुपाटीतून ती सगुणाशी बोलली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पाहुणे आले, चहा घेऊन गेले. मिस एडना त्यांच्यात नव्हत्याच. मग नाताळची पार्सलं, मग वर्षाचा अहवाल, मग परीक्षा. मी निरोप पाठवला नाही. मुलांनो, यामागे काही कारण असतं तर मी लिहिलं असतं. मी विसरले. यादीत जे असतं ते मी कधी विसरत नाही, आणि ठकूबाई माझ्या कुठल्याच यादीत नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगुणाला न्यायला कोणी आलं नाही, तेव्हा मला आठवलं. शेळगावच्या एका दूधवाल्यामार्फत विचारलं. तो म्हणाला, ती गेली कुठंतरी कामाला, झोपडी मोकळी आहे. सगुणा अधूनमधून टेबलापाशी येऊन उभी राहायची. "आय कवा येनार?" मी सांगायचे, "येईल हं." दोन वर्षांनी तिने विचारणं सोडलं. आई टाकून गेली असं बाकीच्या मुली म्हणायच्या, आणि मी त्यांना गप्प करायचे. याहून जास्त मी काही केलं नाही.

मधली बरीच वर्षं सोडून देते. बोर्डिंग बंद झालं, मी निवृत्त झाले, तुम्ही जन्मलात.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आले होते तेव्हा आपण त्या लहान गावातल्या चर्चच्या वर्धापनदिनाला गेलो होतो. नेहा, तू लॅमिंग्टन केक खात होतीस आणि बाबाच्या फोनवर खेळत होतीस. हॉलमध्ये तिथल्या मूळच्या लोकांतली एक म्हातारी बोलायला उभी राहिली. तिच्या हातात मिशनच्या जुन्या रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स होती. ती म्हणाली, "माझी आई दर रविवारी कुंपणापर्यंत चालत यायची, हे मला आठवतं. पण या कागदावर लिहिलंय, आई: माहीत नाही." मग तिने चष्मा काढला आणि समोर बसलेल्या सगळ्यांना विचारलं, "ज्याने हे लिहिलं, त्याला दर रविवारी खिडकीतून काय दिसत होतं?"

मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि मान हलवत होते. काय माणसं असतील, असं माझ्या मनात आलं. मुलाची आई डोळ्यांसमोर असताना हात कसा धजावला असेल? घरी येताना गाडीत तुमच्या बाबाला मी म्हणालेही, "या लोकांनी देवाच्या नावावर फार पाप केलं." 'या लोकांनी'ऐवजी 'आपल्या लोकांनी' म्हणावं, हे मला सुचलंही नाही. ठकूबाई मला आठवली नाही. खरं सांगते, त्या दिवशी एकदाही आठवली नाही.

गेल्या जानेवारीत, सकाळी दहाच्या सुमाराला, दार वाजलं. दारात साठीच्या आसपासची बाई, हातात प्लास्टिकची पिशवी. "वळखलं न्हाय जनू," ती म्हणाली. "मी सगुणा. शेंगा सांडायची ती."

ती आता पणदऱ्याला असते. नवरा-बायको मिळून चार म्हशी सांभाळतात, मुलगा डेअरीवर आहे. मिस एडना वृद्धाश्रमात वारल्या. त्यांच्या भाचीला कपाटात रिबिनीने बांधलेला एक गठ्ठा सापडला. तिने तो आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्त्यावर पाठवला आणि पाळकांनी सगुणाला शोधून काढलं. सहा वर्षांची तेरा पत्रं. एका वर्षी पाऊस आला नव्हता, तेव्हा आम्ही जादा एक लिहिलं होतं. सगळी माझ्या अक्षरात.

"मला इंग्लिश येत न्हाय," ती म्हणाली. "वाचा, बाई. समदी न्हाय. नाताळाचं तेवढं वाचा, मी तिसरीत हुते त्या वर्साचं. आय शेवटची आली त्याच दिवशी लिवल्यालं."

मी ते पत्र काढलं, मनातल्या मनात वाचलं आणि मग मराठीत सांगितलं. "प्रिय मिस एडना, माझी तब्येत चांगली आहे. शाळेत माझा दुसरा नंबर आला. आम्ही सगळ्या नाताळची वाट पाहत आहोत. माझ्यासाठी प्रार्थना करा."

ती म्हणाली, "फुडं?"

"एवढंच आहे."

"न्हाय. फुडं गावाचं नाव आसंल. बघा की नीट." तिने कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला, मागची बाजू पाहिली. "आय कुपाटीतनं म्हनली, मी आता अमक्या गावाला चालले, बाईचा निरोप तितं आला पायजे, तू ध्यानात ठिव. मी ल्हान, मी इसरंन म्हनून त्याच दिवशी लिवून टाकलं. पत्र लिवायला दुसरं कोन हुतं मला? म्हनून मडमंला लिवलं. मिस एडना, माजी आय अमक्या गावाला हाय, तिला निरोप धाडा. आसं लिवलं हुतं. गावाचं नाव मला आता आठवत न्हाय, बाई. पन लिवलं हुतं ह्ये पक्कं."

मला आठवलं. पत्र आठवलं. वहीचा दुरेघी कागद, ओलं बोट लागून फाटलेला कोपरा. "निरोप धाडा" हे शब्द आठवले, कारण त्यांच्यावर माझं पेन अडलं होतं. रजिस्टरप्रमाणे या मुलीला आई नव्हती, मग निरोप कोणाला धाडायचा? म्हणून मी लिहिलं, माझ्यासाठी प्रार्थना करा. वाक्य चांगलं जुळून आलं होतं. महिनाअखेरीला तो कागद बाकीच्यांबरोबर जाळला.

गावाचं नाव मात्र आठवलं नाही. तेव्हापासून रोज प्रयत्न करते आहे. तीन अक्षरी होतं की चार, हेही सांगता येत नाही.

मी तिला सगळं सांगितलं. रजिस्टर, यादी, फाटकातलं बोलणं, विसरलेला निरोप, जाळलेला कागद. काही गाळलं नाही. ती ऐकत बसली. चहाला हात लावला नाही.

मग म्हणाली, "म्हंजी ती वाट बघत बसली आसंल."

तिने ते पत्र घडी करून पिशवीत ठेवलं.

"मी तिला पन्नास वर्सं शिव्या दिल्या, बाई. पोरीला टाकून गेली म्हनून. माज्या लग्नात बी दिल्या."

दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांची गाडी आणि ड्रायव्हर घेऊन आम्ही दोघी अंथुर्ण्याला आणि शेळगावला गेलो. अंथुर्ण्यात ती वस्तीच राहिलेली नाही, तिथे आता डाळिंबं आहेत. शेळगावात ज्यांच्या रानात ठकूबाई खुरपायची, ते तात्या अजून आहेत, नव्वदीचे. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. सुनेने त्यांच्या कानाशी जाऊन दोनदा ओरडून सांगितलं.

"ठकू?" ते म्हणाले. "व्हय. खुरपायला यायची. मागं एक बी तन ऱ्हायाचं न्हाय तिच्या. एक पोरगी हुती बारकी."

"मीच ती, तात्या," सगुणा म्हणाली.

"तू व्हय. तुला पाद्र्यांनी न्हेली न्हवं? लई सांगायची समद्यास्नी. माजी पोरगी इंग्लिश शिकतीया, म्हनायची. टोमॅटो तोडताना डोकं उठवायची."

"मग गेली कुठं?"

"आता कुनाला ठावं? त्या साली पानी न्हवतं. लई मानसं गेली." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या बाई कोन?"

"बोर्डिंगातल्या. लिवायला हुत्या तितं."

"मग मला काय इचारता?" तात्या म्हणाले. "आमी आडानी मानसं. तुमी तर समदं लिवून ठिवता. बघा की कागदात."

परतताना सगुणा पुढे ड्रायव्हरजवळ बसली, माझ्या शेजारी बसली नाही. बारामती आली तेव्हा म्हणाली, "तुमी रोज देवाशी बोलता न्हवं? त्यालाच इचारा गावाचं नाव."

मी विचारते. अजून उत्तर आलेलं नाही. येईल असं मला वाटत नाही. ठकूबाई आज असती तर ऐंशीच्या पुढची असती. तिच्यासारख्या बाईच्या मरणाची नोंद कुठे झाली असेल तर ती कोणीतरी माझ्यासारख्यानेच केली असेल, आणि नातेवाइकांच्या रकान्यात काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे.

नेहा, तुझ्या प्रोजेक्टसाठी मी हे लिहिलं, कारण तुझ्या देशातला आणि माझ्या तालुक्यातला इतिहास एकच आहे असं मला आता वाटतं. तो बोटींचा, पाद्र्यांचा आणि चर्चच्या इमारतींचा आहेच. पण भुकेल्या पोराला जेवू घालायचं आणि त्याबदल्यात त्याची आई कागदावरून पुसायची, हा व्यवहार भल्या माणसांनी दोन्हीकडे केला. गोऱ्यांनी शिकवला असं म्हणून मला सुटता येणार नाही. माझ्या आजोबांना ज्यांनी गावाबाहेर ठेवलं त्यांच्याही कागदात आमच्या आयांची नावं नव्हती. मला अक्षर आलं ते यासाठीच की ती नावं लिहावीत. मी बोर्डिंगात होते तेवढी वर्षं मला ते जमलं नाही.

जुनं रजिस्टर आता पाळकांच्या ताब्यात आहे. मी जाऊन त्यात ठकूबाईचं नाव घालू द्या म्हटलं. ते म्हणाले, "बाई, जुनी नोंद बदलता येत नाही. नियम आहे." तो नियम बोर्डिंगात असताना मीच केला होता. शेवटी समासात लिहू दिलं. मी लिहिलं: आई ठकूबाई, राहणार अंथुर्णे, हयात होती, महिन्यातून एकदा येत असे. खाली सही आणि तारीख. त्या यादीतल्या मुलींच्या बाकी आयांपैकी फक्त दोघींची नावं मला आठवली, तीही लिहिली.

मार्चमध्ये सगुणा पुन्हा आली. बसली नाही. तिने कात्री मागितली आणि टेबलावर एकेक पत्र ठेवून खालचं चित्र कापून घेतलं. मी आडवे आले नाही. चित्रांना भाषांतर लागत नाही, म्हणून मी त्यांना कधी हात लावला नव्हता, आणि खरं म्हणजे कधी नीट पाहिलंही नव्हतं. प्रत्येकात पायरी, पायरीवर एक मोठी बाई, तिच्या गुडघ्यांत डोकं घातलेली लहान मुलगी. नाताळ असो की ईस्टर, तेच.

कापून झाल्यावर तिने चित्रं पिशवीत घातली आणि वरचे कागद माझ्याकडे सरकवले. "ही तुमची," ती म्हणाली. "ही माजी."

तेरा पत्रं माझ्या कपाटात आहेत. तेरा चित्रं पणदऱ्यात सगुणाच्या घरी आहेत, आणि त्या तेराही चित्रांत ठकूबाई बसलेली आहे.

तुमची आजी